एकाच जागी चुकायला शिकताना

माझा व्यवसाय मापनाचा आहे. वजनकाटे, दाबमापके, मायक्रोमीटर अशी उपकरणे तपासायची आणि ती किती खरे बोलतात हे प्रमाणपत्रावर लिहून खाली सही करायची, हे काम मी गेली २२ वर्षे करते आहे. त्यामुळे नेमबाजीची ओढ मला रायफलीमुळे लागली नाही. ती लागली कागदामुळे. माझा भाचा १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. एकदा त्याला आणायला गेले असताना त्याने वापरून टाकलेले एक टार्गेट मी उचलले आणि सवयीने पर्समधली छोटी पट्टी त्यावर ठेवली. सर्वांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिलिमीटर व्यासाचे होते, आणि मध्यभागी १० गुणांचा जो पांढरा ठिपका असतो त्याचा व्यास होता अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्यावर नेम धरायचा त्या ठिपक्याच्या नऊपट. लगतच्या दोन वर्तुळांमध्ये अडीच मिलिमीटरचे अंतर असते आणि गुण दशांशात मोजायचे ठरले की एका दशांशाच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक जिंकताना शेवटचा नेम १०.८ चा साधला होता, हे ऐकून मलाही माहीत होते. पण त्या १०.८ चा अर्थ छर्‍याचे केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत पडणे, आणि तेही १० मीटरवरून, उभ्याने, कशाचाही टेकू न घेता, हा हिशेब मला त्या दिवशी त्या पट्टीने करून दाखवला. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या, पायात बोल्ट ठोकून बसवलेल्या काही यंत्रांनाही हे जमत नाही.

त्यानंतर नवशिक्यांसाठी शनिवार-रविवारचे रायफल शिबिर असल्याचे कळले तेव्हा मी नाव नोंदवले. शिबिर एअर रायफलचे नव्हते, तर पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलीचे, २५ मीटर अंतरावरून होते. या रायफलीची गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची असते आणि झटका इतका सौम्य असतो की नवख्या माणसाला घाबरायला निमित्त उरू नये. निदान माझा तसा समज होता. आम्ही बाराजण होतो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान होत्या आणि पहिल्या तासापासून त्या मला ‘ताई’ म्हणू लागल्या. माझ्या शेजारच्या चटईवर महाविद्यालयात नुकताच गेलेला एक मुलगा होता. त्याने मला ‘काकू’ करून टाकले.

शनिवारी पहिले जवळजवळ तीन तास एकही गोळी सुटली नाही. हा वेळ प्रामुख्याने सुरक्षेच्या नियमांवर गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. नियम चारच आहेत आणि ते कुठेही गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच असतात: प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असे मानावे, जे नष्ट झालेले चालणार नाही त्याकडे नळी कधीही रोखू नये, साइट, म्हणजे नेम धरण्यासाठी रायफलीवर बसवलेला भाग, टार्गेटवर येऊन मारण्याचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवावे, आणि टार्गेट कोणते, त्याच्यामागे काय आहे, याची खात्री असल्याशिवाय गोळी सोडू नये. हे नियम मुद्दाम एकमेकांवर चढवून रचलेले आहेत हे माझ्या लक्षात आले. एखादा मोडला तर दचकायला होते. कोणाला इजा व्हायची तर निदान दोन एकाच वेळी मोडावे लागतात. सुरक्षेची यंत्रणा रचणारा माणूस चुकांवर विश्वास ठेवून रचना करतो, माणसांवर नाही, आणि मला ही पद्धत फार आवडते.

आवडते असे म्हणायला सोपे. पहिल्या फेरीनंतर ‘सीज फायर’ झाले, गोळीचा कप्पा बंद करणारे बोल्ट उघडे राहिले, प्रत्येक कप्प्यात, म्हणजे चेंबरमध्ये, नारिंगी प्लास्टिकची झेंडी खोचली गेली आणि सगळे टार्गेट पाहायला पुढे निघाले. माझी चष्म्याची डबी चटईशेजारी राहिली होती. ती उचलायला मी पिवळी रेघ ओलांडून वाकले. माझा हात रायफलीपासून वीतभर अंतरावर असेल नसेल, तोच मॅडमचा आवाज आला, “ताई, मागे.” आवाज चढलेला नव्हता, पण रेंजवरचे सगळे थांबले. पुढे माणसे असताना रायफलीला कोणी हात लावायचा नाही, वाकायचेही नाही, कारण पुढे गेलेल्या माणसाला मागे वळून पाहिल्यावर कोण डबी उचलते आहे आणि कोण रायफल, हे ओळखता येत नाही. मी मागे झाले. माझ्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी याहून क्षुल्लक गोष्टींसाठी बोललेली आहे, तेव्हा गप्प राहण्याची पाळी आता माझी होती.

डोळ्यांचा प्रश्न त्याच्या आधीच निघाला होता. दोन्ही तळहात पुढे ताणून त्यांच्यामध्ये छोटा त्रिकोण करायचा, त्यातून दूरची एखादी वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटून पाहायचा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणात राहते तो प्रभावी डोळा. मी उजव्या हाताची, आणि वस्तू राहिली डाव्या डोळ्याने. अशा माणसापुढे दोन वाटा असतात: रायफल डाव्या खांद्यावर घ्यायला शिकावे, किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टी लावून उजव्या डोळ्याला काम करू द्यावे. डोळा घट्ट मिटण्याचा मार्ग मॅडमनी मोडीत काढला, कारण एक डोळा आवळून धरला की दुसऱ्याच्या भोवतालचे स्नायूही ताणले जातात आणि तो लवकर थकतो. मी चिकटपट्टी निवडली.

तरीही पुढची साइट मला धुरकटच दिसत होती. याचे कारण वयात आणि चष्म्यात होते. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर; पालथे झोपून दस्त्यावर गाल टेकवला की मान अशी वाकते की नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून जाते, आणि तो भाग दूरचे पाहण्यासाठी असतो. पुढची साइट मात्र डोळ्यापासून हातभरापेक्षा थोडी लांब, म्हणजे ना जवळ ना दूर. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो आणि नेमबाजाने ते अंतर पुढच्या साइटचे ठेवायचे, टार्गेटचे नाही, हा या कलेचा पहिला आणि मनाला सर्वांत न पटणारा धडा आहे. साधा हिशेब करून पाहिला तेव्हा तो पटला. दोन साइटमधले अंतर सुमारे ७५ सेंटिमीटर धरले तर पुढची साइट दशांश मिलिमीटरने जरी सरकली तरी २५ मीटरवर गोळी तीन मिलिमीटरहून जास्त सरकते. उलट टार्गेटचे काळे वर्तुळ थोडे पुसट दिसले तरी ते वर्तुळच राहते आणि वर्तुळाचा मध्य डोळा आपोआप शोधतो. मागच्या साइटचे बारीक छिद्र तर यात मदतच करते, कारण छिद्र जितके लहान तितका स्पष्ट दिसण्याचा पल्ला वाढतो. मी पिशवीतला संगणकावर काम करतानाचा जुना चष्मा काढला, पट्टी त्याच्या डाव्या काचेवर चिकटवली, आणि पुढच्या साइटचे कडे एकदम कोरीव झाले. त्या कड्याच्या आत मऊ कडांचा काळा चंद्र, आणि दोहोंच्या मध्ये पांढर्‍या प्रकाशाची एकसारखी रिंग. ती रिंग सगळीकडून सारख्या जाडीची आहे की नाही, एवढेच पाहायचे. दोन वर्तुळे एककेंद्री आहेत का हे पाहणे माझे रोजचे काम असल्यामुळे या एका बाबतीत मी वर्गात पुढे होते, आणि बहुधा याच एका बाबतीत.

पालथ्या स्थितीत स्लिंगचा पट्टा डाव्या दंडाभोवती घट्ट करून रायफलीला अडकवतात. पट्टा नीट बसला की रायफलीचे वजन हाडांवर आणि पट्ट्यावर येते आणि डावा हात तिच्याखाली निव्वळ ठेवलेला राहतो. मी मात्र तो आवळून धरला होता. मॅडमनी माझी बोटे एकेक करून उघडली आणि म्हणाल्या, “धरू नका. पडत नाही ती.” खरोखरच पडली नाही. पट्टा दंडाच्या चुकीच्या जागी, शिरेवर आला तर काय होते तेही पाहिले: कड्यातला काळा चंद्र दर ठोक्याला टुणकन उडी मारत होता. स्वतःच्या हृदयाचे ठोके २५ मीटरवरच्या कागदावर मोजण्याचा योग तोवर आला नव्हता. पट्टा दोन बोटे वर सरकवला तेव्हा चंद्र शांत झाला.

मग आली ती गोष्ट जिच्यासाठी मी कोणालाही अशा शिबिराला जाण्याचा सल्ला देईन. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोनदा श्वास आत-बाहेर करून अंग सैल सोडायचे आणि डोळे उघडायचे. साइट जिथे गेलेली दिसेल ती तुमच्या शरीराची स्वाभाविक दिशा. माझी साइट शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर गेली होती. याचा अर्थ असा की डोळे उघडे असताना मी रायफल स्नायूंच्या जोरावर ओढून माझ्या टार्गेटवर आणत होते आणि तसे करते आहे याचा मला पत्ताही नव्हता. ओढून धरलेली रायफल गोळी सुटण्याच्या क्षणी, स्नायू जरा ढिला पडला की, आपल्या मूळ दिशेकडे निघते. उपाय रायफल हलवण्याचा नाही, स्वतः हलण्याचा आहे. डावे कोपर चटईत खुंटीसारखे रोवायचे आणि त्याभोवती कंबर, पाय, सगळे अंग बोटभर सरकवायचे; पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा पाहायचे. मला चार वेळा सरकावे लागले. चौथ्यांदा डोळे उघडले तेव्हा काळा चंद्र कड्यात आयता येऊन बसलेला होता. तो मी आणलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो तिथे राहणार होता.

माझ्या पहिल्या पाच गोळ्या टार्गेटच्या खालच्या अंगाला विखुरल्या. इथे मी जे केले ते मापनशास्त्राच्या कोणत्याही माणसाने करू नये असे आहे. पुढच्या फेरीत पहिली गोळी खाली लागलेली दुर्बिणीतून दिसताच मी मागच्या साइटचे बटण वरच्या बाजूला फिरवले. दुसरी वर गेली; बटण खाली फिरवले. तिसरी डावीकडे गेली. बाजूचे बटण फिरवले. पाच गोळ्यांत चार दुरुस्त्या झाल्या आणि दुसरी फेरी पहिलीहून जास्त पसरली. शेजारच्या मुलाने बटणाला हातही लावला नव्हता आणि त्याची छिद्रे माझ्यापेक्षा जवळ जवळ होती.

गुणवत्ता-नियंत्रण शिकवणारे डेमिंग यासाठी एक प्रयोग करून दाखवत असत, आणि तो प्रयोग मी स्वतः प्रशिक्षणवर्गात अनेकदा केलेला आहे. टेबलावर एक खूण करायची, तिच्यावर नसराळे धरायचे आणि त्यातून गोटी सोडत राहायची. नसराळे जागचे हलवले नाही तर गोट्या खुणेभोवती ठरावीक पसारा करतात. प्रत्येक गोटी जितकी चुकली तितके नसराळे उलट बाजूला सरकवत गेले तर पसारा कमी होत नाही. विचरण दुप्पट होते, म्हणजे पसारा सुमारे १.४ पट वाढतो. कारण असे की एकट्या गोटीच्या चुकीत पद्धतीचा दोष किती आणि योगायोग किती हे वेगळे काढता येत नाही, आणि आपण योगायोगाला दुरुस्त करत बसतो. हे मला पाठ आहे. वर्गातल्या लोकांना मी हसत हसत सांगते, “बघा, किती मनापासून काम केलं आणि किती बिघडवलं.” चटईवर पालथी पडून मी अगदी तेच, अगदी तितक्याच मनापासून करत होते.

मॅडमनी येऊन माझे बटण तपासले, मूळ जागेवर आणले आणि म्हणाल्या, “ताई, हे बटण उद्या दुपारपर्यंत तुमचं नाही. नेम चुकला तरी चालेल, पण एकाच जागी चुकू द्या.” नेमबाजीच्या शिक्षकांच्या तोंडी रोजचेच असलेले हे वाक्य माझ्या व्यवसायाच्या भाषेत आधी पुनरावृत्तीक्षमता आणि मग अचूकता असे होते. जो काटा दर वेळी बरोबर दोन ग्रॅम जास्त दाखवतो तो चांगला काटा आहे, त्याची दुरुस्ती पाच मिनिटांची असते. जो कधी दोन जास्त आणि कधी तीन कमी दाखवतो तो मोडीत काढायचा. दुपारभर मी दुसऱ्या प्रकारचा काटा होते.

शनिवारी रात्री मी सगळी टार्गेटे टेबलावर ओळीने मांडली आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक अंतर मोजायची सरकती पट्टी, घेऊन बसले. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर म्हणजे ग्रुपचा आकार. दुपारच्या शेवटच्या ग्रुपची उंची ३८ मिलिमीटर होती आणि रुंदी जेमतेम १७. उभी माळ. पालथ्या स्थितीत श्वास आत घेतला की छाती व खांदा वर येतात आणि नळीचे टोक खाली जाते. सोडला की उलट. प्रत्येक गोळी श्वासाच्या वेगवेगळ्या टप्प्यावर सुटली की छिद्रे अशी वरखाली लागतात, बाजूला जात नाहीत. आडवी माळ असती तर शरीराची दिशा चुकली असे समजले असते. नुसताच विखुरलेला पसारा असता तर डोळा साइटऐवजी टार्गेटवर गेला होता असे. कागद इतके स्पष्ट बोलतो हे मला भाच्याच्या टार्गेटवरून कळले नव्हते, कारण त्याच्या टार्गेटवर सांगण्यासारखी तक्रारच फारशी नसते.

रविवारी सकाळी श्वास सोडल्यावर जो नैसर्गिक विराम येतो त्यात ट्रिगर दाबायचा सराव झाला. हा विराम एरवी दोन-तीन सेकंदांचा असतो. तो सहज सात-आठ सेकंदांपर्यंत लांबवता येतो. त्यापुढे अंगातला प्राणवायू कमी होऊ लागतो, नजर मंदावते आणि मन म्हणू लागते, ‘आता सोडून टाक एकदाचे.’ त्या क्षणी ट्रिगरवरून बोट काढून पुन्हा श्वास घेणे हीच शिस्त. मला पहिल्या तासात ती दोनदा जमली आणि बाकी सर्व वेळा मी एकदाचे सोडून टाकले.

मग खऱ्या आणि खोट्या गोळ्यांचा प्रयोग. यात आपण नजर दुसरीकडे वळवायची आणि जोडीदाराने रायफल भरायची. कधी खरी गोळी, कधी प्लास्टिकची बिनदारूची. काडतुसाच्या कडेवर ठोका बसून गोळी सुटणाऱ्या, म्हणजे आमच्यासारख्या रिमफायर रायफलीत रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबू नये असे सांगतात, कारण फायरिंग पिन काडतुसाच्या कडेऐवजी चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पाडू शकते. म्हणून ही प्लास्टिकची. माझी पहिली गोळी खरी निघाली आणि बरी लागली. दुसऱ्या वेळी मी साइट जुळवली, श्वास थांबवला, ट्रिगर दाबला आणि नुसतेच ‘टक्’ झाले. त्या शांततेत नळीचे टोक आदबीने मान लववावी तसे खाली गेलेले आम्ही दोघांनी पाहिले.

“काकू, ती खाली गेली,” मुलगा म्हणाला.

“पाहिलं मी.”

“पण गोळी तर नव्हतीच.”

गोळी नव्हतीच, म्हणूनच ते दिसले. एरवी आवाज आणि झटका यांच्या गोंधळात ही हालचाल लपून जाते आणि आपण समजतो की रायफल झटक्याने हलली. हिशेबाने पाहिले तर झटक्याचा दोष असूच शकत नाही. या गोळीचा वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटर धरला तर ती २५ मीटरवरच्या कागदाला सुमारे ८० मिलिसेकंदांत भोक पाडून पलीकडे जाते, आणि नळीतून तर ती काही मिलिसेकंदांतच बाहेर पडलेली असते. माणसाला जाणीवपूर्वक प्रतिसाद द्यायला ढोबळमानाने २०० मिलिसेकंद लागतात, आणि नुसते दचकायलाही नळीतून गोळी बाहेर पडायला लागतो त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आवाजाला दचकून मी गोळी चुकवूच शकत नव्हते. दचकायच्या आधीच ती नळीबाहेर गेलेली. मी चुकवत होते ती आवाजाच्या आधी, तो येणार म्हणून. इअरप्लग आणि वरून इअरमफ असे दुहेरी संरक्षण असताना, जेमतेम जाणवणाऱ्या झटक्यासाठी, माझे अंग गुपचूप सावरून बसत होते. घाबरायला निमित्त नसले तरी अंग निमित्त विचारत नाही.

पुढचा पाऊण तास मी एकही खरी गोळी मागितली नाही. प्लास्टिकचे काडतूस, नळीच्या टोकाशी तोल साधून ठेवलेले एक नाणे, आणि ट्रिगर. नाणे पडले की मुलगा ते उचलून पुन्हा ठेवी. नाणे टिकवायचे तर ट्रिगर ‘ओढायचा’ विचार सोडून दाब केसाकेसाने वाढवत न्यावा लागतो, इतका की नेमका केव्हा सुटेल हे आपल्यालाच कळू नये. जे केव्हा येणार हे माहीत नाही त्याच्यासाठी अंगाला आगाऊ सावरता येत नाही. ओळीने पाच वेळा नाणे टिकले तेव्हा मॅडमनी मान डोलावली, एवढेच.

गुडघ्यावर बसून आणि उभ्याने मारण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण सांगण्याजोगे काही केले नाही. उभ्याने रायफलीचे टोक हवेत आडवा आठ काढत राहते आणि आपण त्या आठच्या मध्यावर झडप घालायला जातो. झडप नेहमी उशिरा पोहोचते. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्यात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभ्याने अशा तिन्ही स्थिती ५० मीटरवरून साधायच्या असतात, आणि तिथल्या १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. माझी उभ्याने मारलेली पाचपैकी एक गोळी कागदावरच सापडली नाही. कागदामागे मातीचा उंच बांध होता. चौथा नियम कशासाठी आहे हे मला त्या न सापडलेल्या छिद्राने नीट समजावले.

दुपारी पुन्हा पालथे. कोपर रोवले, डोळे मिटले, एकदाच सरकावे लागले. दहा गोळ्यांचा ग्रुप मारायचा होता आणि मॅडमची अट अशी होती की प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीला डोळा लावण्याआधी ती कुठे लागली ते घड्याळाच्या काट्यावरून तोंडाने सांगायचे. ट्रिगर सुटल्याच्या क्षणी साइट कुठे होती हे ज्याने खरोखर पाहिले असेल त्यालाच हे सांगता येते. पहिल्या चार वेळा मी ठोकून दिले आणि चुकले. पाचव्या वेळी ‘खाली, जरा उजवीकडे’ म्हणाले आणि तशी निघाली. टार्गेट हातात आले तेव्हा मी व्हर्नियर लावला: दहा गोळ्या, १६ मिलिमीटर. त्या ढिगाचे केंद्र मात्र काळ्या वर्तुळाच्या मध्याच्या १८ मिलिमीटर खाली आणि ९ मिलिमीटर उजवीकडे होते. गुण मोजले असते तर लाजिरवाणे निघाले असते. मॅडमनी ते पाहून म्हटले, “आता बटण तुमचं.”

या रायफलीच्या साइटची एक टिक म्हणजे पाव मिनिटाचा कोन. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, २५ मीटरवर तो सुमारे सव्वासात मिलिमीटर भरतो, म्हणून एका टिकेला १.८ मिलिमीटर. वर दहा टिका, डावीकडे पाच. मी त्या बोटांनी मोजून, ओठ हलवत फिरवल्या. दोन दिवसांत मी साइटला केलेली ही पहिली रास्त दुरुस्ती होती आणि तिला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला नाही.

पाच काडतुसे उरली होती. चार गोळ्या मी सांगितल्या तशा काळ्यात लागल्या. पाचव्या वेळी विराम लांबला, नजर मंदावली, बोट काढून घ्यायला हवे हे कळले आणि तरीही मी दाबला. बोल्ट उघडला, झेंडी खोचली, आणि दुर्बिणीला हात न लावता तशीच पडून राहिले.

“काकू, चारच दिसतायत काळ्यात. पाचवी कुठं गेली?” मुलाने दुर्बिणीतून पाहत विचारले.

“चारच्या काट्याला बघ. पांढऱ्यात.”

त्याने दुर्बीण किंचित वळवली.

“आहे.”